अबायाखालची मूठ

शनिवार, ४ मे २००२
सकाळी टेबलावर पाच मुठी, एक मूळची, चार नव्या. रिव्हॉल्वरच्या. रिव्हॉल्वर नाही, नुसत्या मुठी, काढून वेगळ्या बसवता येणाऱ्या. जॉर्जसाहेब म्हणाले, "मॅडम, ज़रा हाथ दिखाओ." मला वाटलं मॅनेजरसाहेब आता भविष्य सांगणार. तर त्यांना पंजाची साइज बघायची होती.

इथल्या अरब लग्नांत हॉलमध्ये बायकांच्या बाजूला लेडी गार्ड असतात, त्यांच्यासाठी माल आहे. गिऱ्हाईक सरकारी खातं. रिव्हॉल्वर त्यांचं त्यांच्याकडे आहे, चिमुकलं, अबायाखाली, म्हणजे त्यांच्या काळ्या पायघोळ झग्याखाली लपणारं. त्याची मूळ मूठ हाताला त्रास देते. आमच्या कंपनीने बाहेरच्या चांगल्या मुठी आणायच्या, कोणती घ्यावी तेही सांगायचं. ऑफिसात बाई मी एकटी, म्हणून माझा हात. आजवर चालवलेलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे विळी.

केतकीला सांगितलं तर म्हणे, "मम्मा, यू कान्ट ईव्हन किल अ कॉकरोच." नववीत गेल्यापासून फार बोलते.

मंगळवार, ७ मे
नेमबाजीच्या रेंजवर गेले. मरियम भेटली. या गार्डमधली सगळ्यात जुनी. मला वाटलं होतं उंच, धिप्पाड असेल. माझ्याएवढीच निघाली. तिने आपला पंजा माझ्या पंजाला लावून बघितला. "सेम सेम," म्हणाली आणि खूश झाली.

गेल्या वर्षी गाडीच्या दारात तिचा उजवा अंगठा मोडला. जुळला, पण मुळाशी दुखरा राहिलाय. महिनाअखेर तिची परीक्षा आहे. नापास झाली तर हॉलमधली ड्यूटी जाणार, गेटवर टेबल मिळणार. "मैं बैठके औरत लोग का बैग खोलेगा? खलास." हे तिने हसत सांगितलं, पण हसू तोंडापुरतंच.

मूळ लाकडी मुठीवर तिने गोळ्या मारल्या. मूठ इतकी आखूड की करंगळी हवेतच. धक्का सगळा अंगठ्याच्या मुळाशी. शेवटच्या गोळीनंतर तिने रिव्हॉल्वर हळूच खाली ठेवलं, पाठ फिरवली, हात काखेत दाबून धरला. इन्स्ट्रक्टर टार्गेट बघत होता. मी तिला बघत होते.

मग मला एकच गोळी मारू दिली. इन्स्ट्रक्टर मागे उभा. आवाजाची धास्ती होती, पण कान झाकलेले असल्याने तो काहीच वाटला नाही. हाताला मात्र कोणीतरी आतून लाथ मारल्यासारखं झालं. तळहाताएवढी वस्तू.

शनिवार, ११ मे
मरियमबरोबर (म.) रेंजवर उरलेल्या मुठी.
गुळगुळीत लाकडी: दिसायला देखणी, पोळपाट-लाटण्याच्या दुकानातली वाटावी. घाम आला की सटकते. बाद.
रेघारेघांची प्लास्टिकची: सटकत नाही, चावते. म. ने शिवी दिली. अरबी असल्याने मला आवडली.
रबराची छोटी: करंगळीला जागा मिळाली, पण पाठीमागचं लोखंड उघडंच, तेच अंगठ्यावर आदळतं.
मग रबराची जाड. मागची बाजूही झाकते. म. चं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचलं, पण पोचलं.

आणि काय सांगू. रिव्हॉल्वर तेच, गोळी तीच, मध्ये बोटभर रबर आलं आणि हात दुसऱ्याच कोणाचा तरी झाला. म. ने मारल्या, थांबली, हाताकडे बघत राहिली. काखेत दाबला नाही. "ये कौन बनाया?" मी म्हटलं माहीत नाही. खरंच, कोण बसून विचार करतं की बाईच्या अंगठ्याला कुठे लागेल? मी हापिसात परत येईपर्यंत त्या अनोळखी माणसाचाच विचार करत होते.

रुवैसहून शेखरचा फोन. "बंदूक चालवलीस? मग गुरुवारी येऊ की नको?" नवरा तिकडे रिफायनरीत, इथे बायको गोळ्या घालते. सासूबाईंना कळवायचं नाही असं ठरलं.

मंगळवार, १४ मे
शिफारस लिहून दिली. जाड रबर. जॉर्जसाहेब खूश. "मॅडम तो एक्स्पर्ट हो गया." वर वर नाही-नाही म्हटलं, आतून फुगले.

शनिवार, १८ मे
फजिती.
म. ने बोलावलं. या वेळी रेंजवर नाही, आतल्या बायकांच्या खोलीत. दार लावलं. अबाया घातली, रिकामं रिव्हॉल्वर कमरेला होल्स्टरमध्ये, नवी मूठ लावलेली. "देखो." हात आत घातला, काढला. रिव्हॉल्वरबरोबर अर्धी अबायाही वर आली. रबर कापडाला धरून बसतं, सोडतच नाही. मग ती वाकली, उठली. कापड मुठीवर अडकलं ते तसंच, कमरेशी टेंगूळ. लग्नातल्या पोरांनाही दिसलं असतं.

रेंजवर मी सलवार-कमीज घालून, टेबलावरचं रिव्हॉल्वर उचलून उचलून मुठींची परीक्षा घेत होते. इन्स्ट्रक्टर तरी काय, पुरुष. अबायातून ते बाहेर कसं येतं हे त्याने कधी बघितलेलंच नाही, ती तालीम या बंद दारामागेच होते. बाईचा हात हवा म्हणून मला घेतलं, आणि मी बाई असून कपड्याचा विचार केला नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

म. रागावली नाही. "मुझे पुराना लकड़ी वाला दे दो. वो अटकता नहीं."
"और अंगूठा?"
"अंगूठा मेरा है," म्हणाली.

हे घशाखाली उतरत नाही.

सोमवार, २० मे
ऑफिसातून आल्यावर निळ्या साडीचा ब्लाउज शिवायला घेतला. अस्तर बेतताना हात थांबला. खरखरीत कापड अंगाला चिकटू नये म्हणून आपण आतून काय लावतो?
मूठ बदलायचीच नाही. अबाया बदलायची.
मरियमला फोन केला. अस्तराचं समजावलं. मग, "यल्ला, मैं अबाया भेजता."

गुरुवार, २३ मे
रोल्लाच्या बाजारात जाऊन काळं साटन आणलं. दुकानदाराने विचारलं कशाला, म्हटलं ब्लाउजला.
शेखर आला, पलंगावर अबाया बघून दारातच थबकला. "मी आठवडाभर नव्हतो, एवढ्यात काय काय झालं?"
कमरेच्या उजव्या बाजूला आतून साटन लावलं, ती समोर उघडते त्या काठापर्यंत, टाका बाहेर दिसणार नाही असा. मग सॅम्पलची मूठ नाडीने कमरेला बांधली, अबाया घालून आरशासमोर वाकले, उठले. केतकी दारात. "मम्मा, यू लुक लाइक अ निंजा." मग, "डू इट अगेन. आय कान्ट सी इट." तिलाही दिसेना म्हणजे झालं.

रविवार, २६ मे
तीच बंद खोली. म. समोर उभी, हात मोकळे. मग हातात रिव्हॉल्वर. मधलं मला दिसलंच नाही, आणि मी डोळे फाडून बघत होते. परत करायला लावलं. परत दिसलं नाही. कापड एकदा हललं, एवढंच. मी अस्तर लावलं खरं, पण हे माझं नव्हे. या बाईच्या हातात वर्षानुवर्षांची जी शांतता आहे ती तिची. इतकं सुंदर काही मी या देशात बघितलं नव्हतं, आणि ते बघायला खोलीत मी एकटी.

मग रेंजवर गोळ्या. बऱ्याच मारल्या. शेवटी हात काखेत गेला. मी बघतेय हे तिने बघितलं. "थोड़ा," म्हणाली. रबर धक्का कमी करतं, नाहीसा करत नाही.

बुधवार, २९ मे
आज परीक्षा. आम्हाला आत प्रवेश नाही. दिवसभर चहा, फाइल, चहा. जॉर्जसाहेब म्हणाले निकाल ते लोक कोणालाच सांगत नाहीत.
म. ने रविवारी निघताना सांगितलं होतं, "पास हुआ तो मैं तुमको फोन नहीं करेगा. हॉल में तुम मेरे को पहचाना, तो मैं फेल."
आणि नापास झाली तर? ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
फोन आला नाही.

गुरुवार, ६ जून
कंपनीच्या अरब मालकांच्या मुलीचं लग्न. मी आणि केतकी बायकांच्या बाजूला. आत शिरताना गेटवरच्या टेबलाकडे आधी बघितलं. तिथे कोणी दुसरीच होती, तरुण. पर्स उघडून दाखवताना माझेच हात घामेजले. पण गेट काय एकच असतं का शहरात.

आत झगमगाट. सगळ्यांनी अबाया उतरवलेल्या, भिंतीशी उभ्या असलेल्या काही जणी तेवढ्या काळ्यात, तोंड झाकलेलं. बुटक्या दोघी-तिघी.

एका छोटीच्या हातातली बांगडी घरंगळत एकीच्या पायाशी गेली. ती वाकली, डाव्या हाताने उचलून दिली. उजवा अबायाच्या आत. उठली. कापड कुठेही न अडकता सरळ खाली आलं. साटन दिसतं का बघावं, असं मनात आलंच.

केतकी कुजबुजली, "मम्मा, इज दॅट हर?"
"माहीत नाही," म्हटलं. "तिकडे बघू नकोस."
मी ताटातल्या भाताकडे मान वळवली.