चाकाची रिंग

मंगळवार, संध्याकाळ

ती. ताईस,

लोटांगण घातलं असं समज. कंबर हल्ली वाकायला कुरकुरते. तुझा मधुमेह आणि तुझे यजमान, दोघेही तुझ्या धाकात असतील अशी आशा आहे.

मी बरा आहे. टायरच्या दुकानातली नोकरी अजून आहे. मालक मात्र नाहीत.

सकाळी ते ट्रकच्या चाकात हवा भरत होते. या चाकांना बाजूने एक लोखंडी रिंग असते, ती खोबणीत नीट बसली नाही की हवेच्या जोराने उडते. मला ती सरकल्याचा आवाज आला आणि मी पालथा पडलो. तळवे कानांवर, तोंड उघडं. स्फोटात तोंड मिटलेलं असेल तर कानाचे पडदे फाटतात, हे आम्हाला जंगलात शिकवलं होतं. अभ्यासात मी नेहमीच पहिला.

रिंगेने मालकांचा जबडा नेला आणि ती मागच्या पत्र्यातून आरपार गेली. तुला बीभत्स रस शिकवताना मला उदाहरण सापडत नव्हतं, आठवतं? आज कंप्रेसरवर, भिंतीवर, माझ्या डब्यावर सांडलं होतं.

मी मान वर केली तर ट्रकचा ड्रायव्हरही पालथा. तळवे कानांवर, तोंड उघडं.

बाकी सगळे धावत होते. आम्ही दोघेच जमिनीवरून एकमेकांकडे पाहत होतो.

"पंडित," तो म्हणाला, "अजून तसाच पडतोस."

तिकडे, जंगलातल्या आमच्या दलात, मला याच नावाने हाक मारत. न सांगता निघून जाणाऱ्याला मरणाची शिक्षा, हे आमच्यात ठरलेलं आहे. ठरवताना मीही हात वर केला होता. वाक्यरचना तर माझीच.

मालक दुपारी दवाखान्यात वारले. ड्रायव्हर उद्या चाक न्यायला येणार आहे. मी पळू नये, पुन्हा शोधायला लावू नये, असं अगदी शांतपणे सांगून गेला. मालकीणबाईंनी दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यांचा चेहरा सुजला होता. "आता तूच बघ," एवढंच म्हणाल्या.

मी बघत बसलो. रिंग एका बाजूने अर्धवट बसवायची, हवा भरायला ड्रायव्हरलाच वाकवायचं. सगळे म्हणाले असते, एकाच चाकाने दोघे नेले. तासभर हातोडा मांडीवर घेऊन मी हेच घोकत होतो.

ताई, एक सांगायचं टाळतोय. रिंग सरकली ते मला कळलं होतं. "बाजूला व्हा" एवढं म्हणायला वेळ होता. माझं तोंड उघडं होतं, पण ते माझ्या कानांसाठी.

म्हणून चाक नीट केलं. रिंग चहूबाजूंनी ठोकून बसवली, हवा मीच भरली. ती आता उडायची नाही. मीही कुठे जात नाही. किल्ली परत द्यायची आहे.

पुढे पत्र आलं नाही तर टपालखात्याला शिव्या देऊ नकोस. आणि गोळ्या वेळेवर घे. या खेपेस खाली इथलं नाव घालत नाही. तू चिडवायला ठेवलेलं घालतो.

तुझाच,
बोबड्या