मास्तरणीच्या पोटातले जंत

९ ऑगस्ट २०२४

मास्तरीण आजही खुराड्यातून बाहेर आली नाही. दार उघडं, दाणे टाकलेले, बाकीच्या पाच जणी माझ्या पायांत घोटाळतायत आणि ही कोपऱ्यात पिसं फुगवून, मान आत ओढून उभी. तुरा एरवी लालभडक, आज धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. उचलली तर छातीचं हाड हाताला टोचलं. खाते तर सगळ्यांपेक्षा जास्त! मग जातं कुठे?

आईंना सांगितलं. "पावसाळा आहे, होतं असं. राख टाक खाली."

सासूबाईंच्या कोंबड्या, सासूबाईंचं औषध. मी फक्त राख टाकणारी.

१० ऑगस्ट

मास्तरणीची बीट, म्हणजे विष्ठा, पातळ. आता दुसऱ्या कोंबडीची, काळीचीही. चार दिवसांत एकीनेही अंडं दिलेलं नाही.

११ ऑगस्ट

अरविंदचा फोन. पाच मिनिटं. मस्कतमध्ये उकाडा, साइटवर काम, सुट्टी मिळत नाही, डिसेंबरमध्ये नक्की. मागच्या डिसेंबरातही नक्कीच होतं. त्याच्या आदल्या डिसेंबरातही.

मी घाईघाईत सांगून टाकलं — गोविंदपुऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारलंय मला, सकाळचे चार तासच आहेत.

"अगं, आईला एकटं टाकून? पुन्हा पडली म्हणजे? मी आलो की बघू ना."

आई समोरच बसल्या होत्या, भाजी निवडत. मान वर केली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड जुळलं, भीती राहिली. मी पिपलानीच्या बाजारात गेले तरी वीस मिनिटांत फोन — "काय करून राहिली तू इतका वेळ?" हे दोन खोल्यांचं घर, मागचं अंगण आणि बाजार. एवढंच. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा घेऊन मी लग्न करून इथे आले, त्याला नऊ वर्षं झाली.

१३ ऑगस्ट

मास्तरीण गेली.

सकाळी खुराड्यात आडवी पडलेली, अजून ऊब होती. आई म्हणाल्या, "पुरून टाक जांभळाखाली." मी हो म्हटलं. मग काय झालं कोण जाणे — तिला दोन पिशव्यांत घातलं, काडेपेटीत काळीची ताजी बीट घेतली, आणि "येतेच" म्हणून निघाले. सिटी बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "सब्ज़ी है?" मी हो म्हटलं!

जनावरांच्या दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर तरुण, बोलके. "मरी हुई लाई हैं? अच्छा किया. लोग फेंक देते हैं, फिर पूछते हैं क्या हुआ था."

माझ्यासमोरच तिला उघडली. आतडं जाड, फुगलेलं. कात्री चालवली आणि — शेवया! पिवळट पांढऱ्या, बोटाएवढ्या लांब, एकमेकींत गुंतलेल्या, दोनचार अजून वळवळणाऱ्या. वाटच बंद केली होती त्यांनी. मास्तरीण दाणे खात होती आणि उपाशी मरत होती.

"गोल कृमि," डॉक्टर म्हणाले. "बाकियों की बीट में खून आता है?" नाही म्हटलं. "बीट लाई होतीं तो देख लेते." मी काडेपेटी पुढे केली. ते हसले. "आप लैब में थीं क्या?"

थीं क्या. होते.

मिठाच्या पाण्यात बीट घोळवली, गाळली, जंतांची अंडी असली तर तरंगून चिकटावीत म्हणून वर काच ठेवून थांबलो. मग त्यांनी पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. "आप देखेंगी?"

नऊ वर्षांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. वाटलं, हात विसरले असतील. बोटांनी आपणहून चाक फिरवलं आणि चित्र स्वच्छ झालं — लांबट गोल, जाड कवचाची अंडी. एक, दोन, पाच... मी मोजतच सुटले. पिशवीत फोन वाजत होता. वाजू दिला.

"एक ही जगह बंद रखती हैं न?" त्यांनी विचारलं. कुत्री आहेत गल्लीत, ठेवावंच लागतं. "वहीं बीट, वहीं दाना. अंडे मिट्टी में महीनों पड़े रहते हैं, मुर्गी चुगती है, फिर पेट में. दवा तो दे दूँगा. पर जगह नहीं सुधारी तो फिर आइएगा."

घरी आले तर आई दारात, काठी घट्ट धरून, घामाने भिजलेल्या. सहा फोन केले होते. मी त्यांना रागावून काही बोलणार होते. मग हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं.

१४ ऑगस्ट

आज भांडण. आमच्यात कधी होत नाही, म्हणजे मी होऊ देत नाही.

मी डॉक्टरांचं सगळं सांगत होते. जंत म्हटलं आणि आई पटकन म्हणाल्या, "पांढरे ना? लांब?"

"तुम्हाला कसं माहीत?"

पहाटे खुराडं त्याच उघडतात. महिन्यापूर्वीच त्यांना बीटेत दिसले होते. राखेखाली लोटले. लसूण ठेचून घातला दाण्यात. मला एक शब्द नाही.

"सांगायचं नाही? वाचली असती ना ती!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, विकून टाका. मग मी दिवसभर काय करू?"

"मी असं कधी म्हटलंय?"

"म्हणाली असतीस."

मी ताट आपटून उठले. मागे जाऊन पाच जणींना पाहत बसले. राग येतो आणि पाच मिनिटांत कीवही येते, ही माझी खरी अडचण.

१५ ऑगस्ट

पाण्यातून औषध दिलं. एकेकीला टोपलीत बसवून वजन केलं, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं तितकंच मोजून घातलं. पाण्याची बाकीची भांडी काल संध्याकाळीच उचलली होती, त्यामुळे तहानेने तुटून पडल्या. चौकात देशभक्तीची गाणी, इथे मी आणि पाच कोंबड्या.

अंडी खायची नाहीत, डॉक्टर सांगतील तोवर.

१६ ऑगस्ट

बापरे! खुराड्याच्या तळाला जंतच जंत. ते सगळं खरवडून दूर खड्ड्यात जाळलं. आई पायरीवर बसून बघत होत्या. काळीच्या बीटेकडे बोट करून म्हणाल्या, "एवढं आत घेऊन फिरत होती बिचारी." आणि पदर डोळ्यांना लावला. कोंबडीसाठी इतकं?

१९ ऑगस्ट

तीन दिवस कुदळ. वरची माती काढली, चुना टाकला, विटा मांडून तळ उंच केला. दाण्याचं भांडं आता टांगलंय. उरलेल्या अंगणाला जाळी लावून दोन भाग केले — एक कोंबड्यांना, दुसरा उन्हात मोकळा. महिन्याने अदलाबदल.

हाताला फोड आले. आईंनी न सांगता तेल लावून दिलं.

२५ ऑगस्ट

अरविंदला तीनदा फोन लावला. उचलला नाही. रात्री मेसेज — बिझी.

१ सप्टेंबर

काळीचा तुरा लाल! पहिलं अंडं. टाकून द्यावं लागलं तरी आनंद.

५ सप्टेंबर

औषधाचा दुसरा डोस. पहिल्याने मोठे मरतात, कोवळे राहतात, ते एव्हाना वाढलेले असतात. आईंनाही आता पाठ झालंय, शेजारणीला समजावत होत्या. "लसणीनं काही होत नाही हो, बीट तपासून घ्यावी."

लॅबवाल्यांचा फोन आला होता. जागा भरली.

मी "बरं" म्हटलं आणि भाकरी उलटली.

१२ सप्टेंबर

बीट तपासायला नेली. डॉक्टरांनी मलाच बसवलं. सगळी काच आडवी-उभी पाहिली, मग पुन्हा एकदा. जंतांचं एकही अंडं नाही! "मुर्गियों के अंडे अब खा सकती हैं. दो-तीन महीने में फिर जाँच करा लीजिए," म्हणाले. आणि जाता जाता — "ऐसे हाथ घर में क्यों बैठे हैं?" मी पिशवी उचलली आणि निघाले.

बसमधून उतरून चालत, उगीच लांबच्या रस्त्याने घरी आले. आज आईंचा एकही फोन नाही. दारातच म्हणाल्या, "खूश दिसून राहिली."

मी सांगत सुटले — काच, मिठाचं पाणी, चाक कसं फिरवतात, काहीच नसणं किती सुंदर दिसतं. त्या ऐकत होत्या, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू कधी अशी बोलतच नाहीस." जेवल्या नाहीत.

१३ सप्टेंबर

सकाळी आईंनी मला समोर बसवलं. अरविंदने तिकडे दुसरा संसार केलाय. मुलगी आहे, चालायला लागली. त्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. "सांगितलं असतं तर तू गेली असतीस," म्हणाल्या. "पण काल तुझं बोलणं ऐकलं. आता जा." त्यांनी कालच माझ्या बहिणीला, केतकीला, नागपूरला फोन केला होता. ती रविवारी मला न्यायला येतेय.