गरिबाच्या गालावर

३ जून
डायरेक्टरने घात केला. नव्या मूकपटात हिरो म्हणजे गरीब चोर. आजारी आईसाठी शेटजीचा कोट चोरतो. आणि चोर कोण? माझा मेहुणा! ज्याला कंपनीत मीच चिकटवला. मी शेटजी. का, तर मिशा शोभतात म्हणे. सूड घेणार. बायकोला तूर्त काही बोलायचं नाही, भाऊ तिचा लाडका.

४ जून
प्लॅन ठरला. शेटजी चोराला थप्पड मारतो असा सीन आहे. खोटी मारायची असते. मी खरी मारणार. मूकपट आहे, आवाज कोणाला ऐकू जातोय! मेहुणा घाबरून पळेल. चोराचा पार्ट आपोआप माझा.

९ जून, संध्याकाळ
मारली. पाची बोटं उठली. मेहुण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. डायरेक्टर उड्या मारत म्हणाला, असं रडणं जन्मात पाहिलं नाही, कॅमेरा जवळ घ्या, पुन्हा! मग पुन्हा. मग पुन्हा. माझाच हात सुजला. मेहुणा वर माझ्या पाया पडला. म्हणाला, भावोजी, तुमच्यामुळे जमलं. नाटकी कुठला! पण आतून खचलाय, मी ओळखलं.

२२ ऑगस्ट
उद्या पहिला खेळ. मूकपटात कोट चोरीला गेलाय माझा, तेव्हा लोक रडणार माझ्यासाठी. तोच कोट कंपनीतून मागून आणलाय. घालून जाणार. लोकांनी ओळखायला नको?

२३ ऑगस्ट
ओळखलं.
थप्पड पडली आणि अख्खं थिएटर हुंदके द्यायला लागलं. बायको सगळ्यांत मोठ्याने. बाहेर पडताना एकाने माझं घड्याळ मारलं. त्याचा हात धरून ओरडलो, चोर! गर्दी वळली. एक म्हातारी म्हणाली, हाच तो मेला! कोणीतरी म्हणालं, चोराच्या उलट्या बोंबा! आणि माझ्या गालावर पडली. खरी. चोराला वाट करून दिली, वर जपून जा रे बाबा म्हणाले.
सोडवलं मेहुण्यानेच. हात जोडून म्हणाला, मारू नका, माझे भावोजी आहेत, मी त्यांना माफ केलंय. लोक पुन्हा रडले.

२४ ऑगस्ट
गाल टम्म. कंपनीचा कोट परत द्यायचा नाही असं ठरवलं. घड्याळाची भरपाई.
दुपारी मेहुणा आला, डायरेक्टरचा निरोप सांगून खुंटीवरचा कोट घेऊन गेला. पुढच्या चित्रात शेटजी दुसरा आहे. मला रडू फुटलं. आवरेना. गाल शेकता शेकता बायको थांबली आणि म्हणाली, अगंबाई, इतकं छान रडता येतं तुम्हाला? मग डायरेक्टरला आधी का नाही दाखवलंत!