डबल कोनफ्लॉवरचा वाफा व माझी इतर मिळकत यांबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कोट शिवणे (आता बंद), बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. बुद्धीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण वरच्या मजल्यावर राहणारा माझा धाकटा भाऊ गेली नऊ वर्षं "दादाचं डोकं फिरलंय" असं गल्लीभर सांगत आला आहे.

कलम १. शिलाई मशीन, मोठी कात्री व बँकेतली शिल्लक पुतणीला द्यावी. नऊ वर्षं तिने आम्हा भावांचे निरोप वरखाली पोचवले. "मोठे काका, बाबा विचारतात टाकी भरली का?" "त्यांना सांग, डोळे असतील तर बघा." पोरीचे गुडघे झिजले. मात्र कात्रीने कागद कापू नये.

कलम २. मनातली अढी. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून वडिलोपार्जित नाही. हकिकत अशी की, नऊ वर्षांपूर्वी मी डबल कोनफ्लॉवरची, म्हणजे पाकळ्यांचा गच्च गेंद होणाऱ्या फुलांची, अकरा रोपं लावली. मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना फुलं आली, ती एकेरी: मधे बोंड, भोवती पाकळ्यांची एकच रांग. भाऊ चवताळला. "माझ्या दादाला फसवतो काय!" म्हणत त्याने अकराही रोपं उपटून रोपवाटिकेवाल्याच्या टेबलावर आपटली. तो बिचारा म्हणाला, "अहो, पहिल्या वर्षी ही बऱ्याचदा एकेरीच फुलतात. डबल पुढच्या वर्षी." भाऊ दवाखान्यात येऊन मला म्हणाला, "जाऊ दे ना, फुलंच तर होती."

हे वाक्य मी माफ केलेलं नाही. तेव्हापासून वाफा रिकामा ठेवला, आणि रोज सकाळी भाऊ गॅलरीत आला की त्याच्या देखत नुसत्या मातीला झारीने पाणी घातलं. डोकं फिरल्याची बातमी तिथूनच सुटली.

कलम ३. पुढच्या वर्षाची गोष्ट काढली की यंदा डॉक्टर विषय बदलू लागले, तेव्हा मी निमूट जाऊन पुन्हा अकरा रोपं आणली. फुलं आली आहेत. एकेरी. डबल झालेली मला बघायला मिळणार नाहीत, याचं वाईट वाटतं. फार वाटतं.

सबब खालचा मजला भावाला देत आहे, या अटीवर की पुढच्या वर्षीची फुलं येईपर्यंत त्याने एकही रोप उपटू नये. बोंड पाकळ्यांनी पूर्ण झाकलेलं असेल तरच ते फूल डबल समजावं. रोपवाटिकेवाला भिंग घेऊन येईल. त्याचा निकाल अंतिम. एक जरी रोप उपटलं गेलं तरी मजला नगरपालिकेला सार्वजनिक मुतारीसाठी द्यावा. भावाने वर सुखाने राहावं.

कलम ४. हे ऐनवेळी घालावं लागत आहे. साक्षीला रोपवाटिकेवाला आला, पण दुसरा साक्षीदार, समोरचा इस्त्रीवाला, उगवलाच नाही. वकीलसाहेब घड्याळ बघू लागले. तेवढ्यात भाऊ स्वतः जिना उतरून आला.

"मी करतो सही."

वकील म्हणाले, "तुमच्या नावे मजला आहे. साक्षीला सही केलीत तर तो तुम्हाला मिळणार नाही."

"मग नका देऊ."

मी नऊ वर्षांत पहिल्यांदा थेट बोललो. "गाढवा, वर बायकोला काय सांगशील?"

"सांगेन काहीतरी. दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे हे कोणीतरी लिहून द्यायला हवं ना? ते मीच द्यायला हवं." मग खिडकीतून वाफ्याकडे बघत म्हणाला, "यंदा एकेरी आलीत. बघतोय मी रोज. हात नाही लावला."

मला रडू आलं. हे दस्तऐवजात नको, असं वकिलांचं मत पडलं. तरी लिहिलं आहे.

सबब खालचा मजला विनाअट पुतणीला. वाफा भावाच्या देखरेखीखाली.

ठिकाण: शिवणाची खोली. दिनांक ९ ऑगस्ट.

सही: कोटवाला

साक्षीदार १: रोपवाटिकेवाला. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. दादा पूर्ण शुद्धीवर आहे. नऊ वर्षांपूर्वीही होता.