भांडणाला माणूस पाहिजे

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीतूनच घातलाय. खाली जमिनीवर ग्रीस सांडलंय आणि ते कुणी सांडलं हे अजून कुणी कबूल करत नाही. माझा एकावर संशय आहे, पण ते राहू दे.) तब्येत कशी आहे असं विचारलं तर तुम्ही 'मला काय धाड भरलीय' एवढंच म्हणणार, म्हणून मी परस्पर मामीला विचारून घेतलं. रक्तदाब उत्तम, झोप उत्तम, असं ती म्हणाली. आणि मग हळूच म्हणाली की परवा भाजीत मीठ घालायला ती साफ विसरली, तरी तुम्ही चकार शब्द न काढता जेवून उठलात. मामा, हे मी तिला दोनदा विचारून घेतलं. एका वॉशरपायी आख्ख्या वर्कशॉपला फैलावर घेणारा माणूस अळणी भाजी गपचूप खातो? एकतर तुम्ही संत झालात, नाहीतर आजारी आहात, नाहीतर मनात काहीतरी शिजतंय. संत झालात यावर माझा काडीचा विश्वास नाही.

इकडचं म्हणाल, तर निवृत्त होताना तुम्ही मला तीन गोष्टी सोपवून गेलात. तुमची खुर्ची, मीटिंगमध्ये पत्र्याच्या टेबलावर आपटायचा तुमचा पाना, आणि ही टीम. खुर्ची आणि पाना जागेवर आहेत. टीम महिनाअखेरीला असेल की नाही, शंका आहे. (हो, माहीत आहे, मला कशाचीही शंका येते. शंकासुर हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि आता साहेबसुद्धा मला त्याच नावाने हाक मारतात. पण या खेपेला ऐकून घ्या.)

झालं असं की पाणीपुरवठ्याच्या पंपसंचाचं काम आलं त्याच दिवशी साहेब एका बाईंना घेऊन खाली उतरले. या बाई संशोधन करतात. इंजिनिअरिंगची कामं टीमने कशी आखावीत आणि कशी तडीस न्यावीत यावर. मी म्हटलं, हे तर आम्हालाही कळलेलं नाही, सापडलं तर आम्हालाही सांगा. त्या हसल्या. तिथेच मला पहिला संशय आला, कारण माझ्या विनोदाला वर्कशॉपमध्ये आजवर कुणी हसलेलं नाही. मग त्यांनी कोपऱ्यात स्टूल ठेवलं आणि सांगितलं, मी इथे नाहीच असं समजा आणि रोजच्यासारखं काम करा. आता तुम्हीच सांगा, कोपऱ्यात परकं माणूस पेन्सिल घेऊन बसलंय म्हटल्यावर रोजच्यासारखं कुणाला साधं खाजवता तरी येतं का?

मी माझ्या परीने माग काढला. बाईंच्या चपला वाजत नाहीत. (मुद्दाम घेतल्या असणार.) चहा घेतात पण बिस्किटाला नाही म्हणतात, म्हणजे मिंधं व्हायचं नाही. आणि कुणी काहीही बोललं की मान डोलावतात, म्हणजे तोंडावर कौतुक आणि मागून अहवाल. मी दोनात दोन मिळवले आणि टीमला एका बाजूला घेऊन सांगितलं, बाबांनो, साहेबांना माणसं कमी करायची आहेत, ही बाई त्यासाठीच आणलीय. जो भांडेल त्याचं नाव पहिलं जाईल. तेव्हा जिभेला आवर घाला.

घातला हो त्यांनी! इतका घातला की काय सांगू. आपल्या सकाळच्या मीटिंगा तुम्हाला आठवतात. ठिणगी (वेल्डिंगवाल्याला अजून ठिणगीच म्हणतात, नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही देव जाणे) पाइपदादाच्या अंगावर धावून जायचा, पाइपदादा टोपी आपटायचा, तुम्ही पाना आपटायचात, आणि या सगळ्या गदारोळात पाइपाच्या कुठल्या जोडावरचा फ्लँज किती सरकला हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा पाठ व्हायचं. तुम्ही गेल्यावर आवाज जरा उतरला होता, पण कुरबुर चालू होती. बाई आल्या आणि सगळं थंड. ठिणगी पाइपदादाला 'अहो' म्हणायला लागला. पाइपदादा 'आपण आधी बोला' म्हणायला लागला. मी तर 'सर्वांचं मत अतिशय मोलाचं आहे' असं वाक्य तोंडाने काढलं. घरी गेल्यावर गुळण्या केल्या.

अशा या सोवळ्या वातावरणात एक दिवस ठिणगी म्हणाला की आमच्या बाजूने पंपाच्या सांगाड्यात किंचित बदल केलाय, सवडीने नजर टाकावी. पाइपदादा म्हणाला, अवश्य, आपण केलाय म्हणजे विचारपूर्वकच असणार. मी म्हटलं, छान. बाईंनी मान डोलावली. हा किंचित बदल म्हणजे, मामा, मध्ये तुळई येत होती म्हणून ठिणगीने पाणी बाहेर पडायचं तोंडच उजवीकडून डावीकडे नेलं होतं! एरवी पाइपदादाने 'डावीकडे कुणाला विचारून?' म्हणून छप्पर डोक्यावर घेतलं असतं. पण तो सभ्य झाला होता. सवड त्याला मिळाली नाही आणि विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटलं.

चाचणीच्या दिवशी साहेब आले, पाणीपुरवठ्याचे अधिकारी इस्त्रीचे कपडे घालून आले. दोन्ही भाग क्रेनने शेजारी आणले, तर पंपाचं तोंड भिंतीकडे आणि पाइप दरवाजाकडे. रुसलेल्या नवराबायकोसारखे एकमेकांकडे पाठ करून उभे! सगळे एकमेकांना 'आधी आपण' अशा खुणा करत राहिले. शेवटी पाइपदादा म्हणाला, फारच सुबक वेल्डिंग झालंय. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. साहेबांनी मला केबिनमध्ये घेऊन सांगितलं की तेवढ्यात जमलं नाही तर काम दुसरीकडे जाईल आणि टीम फोडून माणसं इतर खात्यांत वाटून टाकीन. मला मनापासून वाईट वाटलं, मामा. ही माणसं तुम्ही एकेक करून जमवलेली आहेत.

मी तडक बाईंना गाठलं. म्हटलं, झालं का समाधान? करा आता माणसं कमी. बाई बघतच राहिल्या. माणसं कमी करायचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. (साहेबांना विचारलं, त्यांनीही नव्हतं. म्हणजे ही बातमी पसरवली कोणी, याचा तपास मी हल्ली करत नाही.) उलट त्या स्वतःच कोड्यात पडल्या होत्या. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. प्रत्येक माणसाचं एक वर्तुळ, आणि अडलं की कोण कोणाकडे जातं त्याचे बाण. मी आधी माझं वर्तुळ शोधलं. माझ्याकडे एक बाण येत होता, तो रजेच्या अर्जाचा. बाकी झाडून सगळे बाण कागदाच्या कडेला, कारखान्याच्या भिंतीबाहेर काढलेल्या एका वर्तुळाकडे. बाईंनी विचारलं, हे मामा कोण? प्रत्येक जण काही अडलं की म्हणतो, मामा असते तर टेबल फोडलं असतं.

टीमचा प्रमुख मी आणि बाण तुम्हाला! माझा पहिला संशय हाच की तुम्ही बाईंना आधीच भेटून आलात. पण त्या म्हणाल्या, माझी एक शंका आहे. तुमच्याकडचं भांडण हाच तुमचा आराखडा होता आणि मी आल्यामुळे तो बंद पडला. आहे ना कमाल? बाईंचा धंदाही माझाच निघाला, शंका घेण्याचा. फक्त त्यांना त्याचा पगार मिळतो.

मग मी भांडण पुन्हा सुरू करायचं ठरवलं. सकाळच्या वेळापत्रकात रीतसर घातलं, हजेरी झाल्यावर चहापर्यंत भांडण. सगळे वेळेवर आले. ठिणगी उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, आपलं चुकलंय असं माझं नम्र मत आहे. पाइपदादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाना आपटून पाहिला, तो माझ्याच बोटावर बसला. त्यावर तिघांनी मला पाणी आणून दिलं आणि विचारपूस केली. अशाने पंप कसा फिरायचा?

बाकी सर्व ठीक.

तुमचा भाचा,
शंकासुर

ता. क. पत्र खुशालीचं नाही हे तुम्ही ओळखलं असेलच. सोमवारी सकाळी वर्कशॉपला या. साहेबांची परवानगी घेतली आहे, वॉचमनला सांगितलं आहे, टेबल नवीन पत्र्याचं करून घेतलं आहे. कागदोपत्री तुम्ही सल्लागार. प्रत्यक्षात काय ते तुम्हाला सांगायला नको.

ता. क. २. बाई कोपऱ्यात असतील. त्यांनी हात जोडून सांगितलंय की त्यांच्यासमोर कृपया नीट वागू नका.

ता. क. ३. हे पत्र मामी तुम्हाला चहाबरोबर देणार आहे. त्या चहात तिने मुद्दाम साखर घातलेली नाही. एव्हाना तुम्ही अर्धा कप तरी प्यायला असाल, आणि तोंडातून ब्र काढला नसेल याची मला खात्री आहे. मामा, पंपाचं आम्ही रडतखडत काहीतरी करू. पण कप खाली ठेवा आणि आधी एकदा ओरडा. ती दाराआड उभी राहून कधीची वाट बघतेय.