डाव्या खुर्चीतला लाल दिवा

प्रिय अण्णा,

तुमच्या वर्षश्राद्धालासुद्धा मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलले नव्हते. आज लिहायला बसलेय, कारण रविवारी हेब्बाळच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत मी एका मुलीला तोच लाल दिवा दिला, जो तुम्ही मला दिला होता.

हो, मी पंच झालेय! तुम्ही गेल्यावर परीक्षा दिली. आठवडाभर महादेवपुऱ्याचं ऑफिस आणि रविवारी पंचाचा कोट. आई म्हणते, "बापाशी अबोला धरलास आणि शेवटी त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसलीस!"

मुलीचं नाव पवित्रा. बेंच प्रेसला पहिल्या दोन वेळा वजन तिच्या छातीवरून उठलंच नाही. तिसऱ्या, शेवटच्या प्रयत्नाला उठलं. तुम्ही म्हणायचात ना, दांडी वर गेली एवढ्यानं भागत नाही, दोन्ही कोपरं सरळ झाली पाहिजेत? तिचं उजवं झालं. डावं वाकडंच राहिलं. मी डाव्या बाजूच्या खुर्चीत होते. लाल बटण दाबलं. मुख्य पंचांचाही लाल, पलीकडच्यांचा पांढरा. दोन लाल, म्हणजे बाद. राज्याच्या संघातली तिची जागा गेली.

थोड्या वेळानं ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डावा हात पुढे केला. "इष्टे बरोदु, मॅडम." एवढाच सरळ होतो, म्हणाली. लहानपणी मोडलेला. पंचांना आधी सांगून ठेवायला हवं होतं, ते तिचे कोच विसरले.

"नियम आहे," मी म्हटलं. "आधी सांगितलं असतं तर आम्ही तेवढाच सरळ धरला असता."

"पण तुम्ही वॉर्म-अपच्या वेळी माझ्या हाताकडे बघत होता ना?"

अण्णा, मी बघत होते! दिसलं होतं मला. माझ्यासारखाच हात, पुरता सरळ व्हायला चार बोटं कमी पडणारा. विचारावं असं वाटलं. मग वाटलं, एकीलाच जाऊन विचारलं तर तो पक्षपात. सांगतील तिचे कोच. आणि गप्प बसले.

तुमचंही असंच झालं होतं का?

माझं कोपर मोडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. राजाजीनगरच्या चढावर तुमची स्कूटर घसरली आणि मी मागून पडले. प्लास्टर निघालं, पण हात पुरता सरळ झाला नाही. पुढे तुम्हीच तालमीत नेऊन माझी ताकद वाढवलीत. एकोणिसाव्या वर्षी मी स्पर्धेत उतरले, तेव्हा पंचांना काही सांगितलं नाही. सांगायचं कशाला? डाव्या खुर्चीत माझे वडीलच तर होते! मी वजन वर नेलं, हसत दिव्यांकडे पाहिलं. मुख्य पंचांचा लाल होता, आणि तुमचाही.

घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तू सांगायला हवं होतंस, शशी." आणि तुम्ही? मुलगी खेळत असताना बापानं खुर्ची सोडायची नसते का? हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. बोलणंच टाकलं. सहा वर्षं 'जेवण झालं का' याच्या पलीकडे गेले नाही. हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत, "अजून राग आहे का गं?" मी "नाही" म्हटलं. खोटं होतं ते, अण्णा.

सोमवारी मी आईला पवित्राचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी प्रेक्षकांत होते त्या दिवशी. तुझं नाव पुकारलं तेव्हा हे खुर्चीतून उठले होते. मग पुन्हा बसले."

का बसलात? लोक काय म्हणतील म्हणून? की सगळ्यांना एकच माप लावायचं म्हणून? मी आता हे कुणाला विचारू?

मंगळवारी मुख्य पंचांकडे गेले आणि मला आधी दिसलं होतं हे कबूल केलं. ते म्हणाले, "तुझी काही चूक नाही. निकाल लागला, आता बदलत नाही." पवित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. ती "सरी मॅडम", ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं!

नियमानं मी चुकले नाही. तुम्हीही नव्हता चुकलात. मग झोप का लागत नाही?

एक शब्द देते, अण्णा. पुढच्या स्पर्धेपासून खेळाडूंचं वजन करतात त्या टेबलाशी मी उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकीला दोन्ही हात पुढे करायला सांगेन, कुणाचा हात पुरता सरळ होत नसेल तर ते तिच्यासमोर कागदावर लिहून तिन्ही पंचांना देईन. समितीनं नको म्हटलं, तर मी त्या खुर्चीत बसणार नाही.

तुमची,
शशी