बुटक्याने घातलेली मागणी

शनिवार, १० जानेवारी

‘चेटकीण कशी आहे? चोराचा पाय? बुटक्याचं काय?’ ब्रिजिटचा गोष्टीचा खेळ, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, नेहमी असाच सुरू होतो, एकेकाची तब्येत विचारत. माझी चेटकीण ठणठणीत. माझ्या नातवाचा, टकरचा, चोर अजून लंगडतोय. वेंडलच्या बुटक्याचा तर जीव कंठाशी! ‘माझा बुटका म्हणतो, वाटीभर सूप मिळालं तरी चालेल.’

वेंडल हा असाच. जन्म चीजच्या कारखान्यात गेला, सत्तरी उलटली; पण खेळांच्या दुकानामागच्या आमच्या टेबलाशी बसला की कधी ‘मी’ म्हणायचा नाही. सगळं ‘माझा बुटका म्हणतो’! माझ्या वेबकॉमिकमध्ये लोकांचा लाडका तोच. मी कुठे चित्रकला शिकलेय? आमच्या टेबलावरचा गोंधळ काढता काढता हात बसला, एवढंच.

निघताना म्हणाला, मुलगी ॲरिझोनाला बोलावतेय. कायमचं. मी म्हटलं, ‘जा बाबा, तिथे बर्फ तरी उपसावा लागणार नाही.’ पण घरी आल्यापासून जेवण गोड लागेना.

शनिवार, १७ जानेवारी

हसून हसून पोट दुखतंय! ड्रॅगन मेला — अखेर! खजिन्याची वाटणी चालली होती, आणि वेंडल उभाच राहिला. लालबुंद. आपण लग्न करून एका घरात राहू या का, असं काहीतरी म्हणाला.

ब्रिजिट ओरडली, ‘टाका फासा, वेंडल! चेटकिणीचं मन वळवायचंय!’

आमच्या खेळात हे असंच. दार फोडायचं असो नाहीतर राजाला पटवायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा. जितका आकडा मोठा तितकं नशीब थोर.

वेंडलने टाकला. एक!! त्याहून वाईट काही पडूच शकत नाही.

‘आजीने बुटक्याला लाथ घातली!’ टकर टेबलावर लोळायचा बाकी होता. मीही टाळ्या पिटल्या. वेंडल हसला, कोट चढवून लवकर गेला.

उद्याच काढते हे!

सोमवार, १९ जानेवारी

टाकलं कॉमिक. लोक वेडे झालेत! कुणी लिहिलंय, ‘बिचाऱ्या बुटक्याला सूप तरी द्या.’

शनिवार, २४ जानेवारी

वेंडल आला नाही. असं कधी झालं नव्हतं.

ब्रिजिट फोनवर माझं कॉमिक बघत होती. ‘अहो आर्डिस, हे चुकलंय. बोलण्याच्या फुग्यात तुम्ही लिहिलंय, “माझा बुटका म्हणतो, चेटकिणी...” तो असं नव्हता म्हणाला.’

‘मग?’

‘“आर्डिस, मी म्हणतो...”’

अगं बाई! सवयीने लिहून गेले होते मी.

टकरचं तोंड उघडंच. ‘आजी, आपण माणसाला खऱ्या लग्नासाठी फासा टाकायला लावला?’

‘आणि त्याने टाकला!’ ब्रिजिटने कपाळावर हात मारून घेतला.

रविवार, २५ जानेवारी

कॉमिक उतरवलं. फोन केला, उचलत नाही. त्याच्या गल्लीत जाऊन आले, तर अंगणात पाटी — घर विकणे आहे!

काखेत कळसा नि गावाला वळसा, ती ही मी. इतकी वर्षं त्याचं तोंड काढतेय, आणि ते वाचता आलं नाही.

बसले आणि नवी चित्रपट्टी काढली. कागदावर, एकाच वाचकासाठी. चेटकीण नाही, बुटका नाही. माझं स्वयंपाकघर, दोन म्हातारी माणसं, आणि बाईच्या फुग्यात एकच शब्द: हो. वेंडलचं नाक दोनदा खोडून काढावं लागलं!

खाली लिहिलं, ‘रागावला असलास तरी लवकर लिहून कळव.’ दाराखालून सरकवून पळाले. या वयात!

सोमवार, २६ जानेवारी

सकाळीच दार वाजलं. वेंडल. टोपीवर बर्फ, काखेत ती विक्रीची पाटी, मुळासकट उपटलेली.

‘लिहायचं मला जमत नाही,’ म्हणाला. ‘एवढंच सांग — एका घरात राहायचं तर ही पाटी माझ्याच दारात परत लावू, की तुझ्या?’